वऱ्हाडातील गुरेढोरे, श्वापदे आणि सरकार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आपल्या धनगर समाजाच्या व्यवसायाचा इतिहास निरनिराळ्या अंगांनी लिहून घ्यावयाचे योजिले आणि त्यातील कळपांच्या राखणीचा विषय प्रस्तुत लेखकाकडे सोपविला. आपल्या ज्ञातीच्या इतिहासावर आजवर जे लेखन झाले त्यात लढाया, वतने व देवस्थाने यांना मोठे स्थान मिळाले, आणि ते योग्यही आहे. तथापि ज्या धनाच्या आधारावर समाज पिढ्यान्‌पिढ्या जगला ते धन रात्री कोणी राखले, श्वापदाने त्यातून उचलून नेले तर ती हानी कोणी सोसली आणि या कामी सरकारदरबारने काय केले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांपुरता त्याचा मागोवा घ्यावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वऱ्हाडची भूमी जुन्या काळापासून तीन भागांत विभागलेली मानतात. उत्तरेस सातपुड्याचा मेळघाट, मध्ये पूर्णा नदीच्या काळ्याभोर जमिनीचा पयनघाट आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट. मेंढपाळ व गवळी यांचे जीवन या तिन्ही भागांना शिवणारे होते. पावसाळा एका भागात, उन्हाळा दुसऱ्या भागात, आणि सुगीनंतर शेतकऱ्यांच्या वावरात खतासाठी कळप बसवावयाचे, असा तो क्रम. मेळघाटाच्या माथ्यावरील गाविलगड किल्ल्याचे नावच गवळ्यांवरून पडले असे मानण्यात येते. फेरिश्त्याच्या मते हा किल्ला अहमदशहा वली बहामनीने इ. स. १४२५ मध्ये बांधला. परंतु बहामनी सुलतानाच्या आधी त्या पठारावर गुरे चारणारे लोक होते आणि त्यांचीच आठवण त्या नावात राहिली आहे. राजांची नावे शिलालेखांत राहतात, गुराख्यांची राहिली तर अशी गावांच्या व गडांच्या नावांत राहतात.

इंग्रजी अमलापूर्वी कळपाच्या राखणीचे असे निराळे सरकारी खाते नव्हते. गावाची व्यवस्था हीच काय ती व्यवस्था. गावची गुरे सकाळी आखरावर जमावयाची, तेथून गायकी ती रानात हाकून न्यावयाचा आणि दिवेलागणीस परत आणून घरोघरी पोचवावयाचा. त्याबद्दल त्यास सालाचे धान्य मिळे. एखादे जनावर वाघाने धरले तर गायक्याने पाटलाकडे येऊन वर्दी द्यावी, खूण म्हणून शिंग किंवा कातड्याचा तुकडा दाखवावा, म्हणजे त्याजवर हयगयीचा ठपका येत नसे. ही पुराव्याची रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे सरकारने जी कागदोपत्री पद्धत उभारली तिचे बीज येथेच दिसते.

मेंढपाळाची स्थिती मात्र निराळी होती. तो गावाच्या वेशीबाहेरचा आणि आज येथे तर उद्या तेथे असावयाचा. त्याचे संरक्षण म्हणजे बाभळीच्या काट्यांचे कुंपण, दोन कुत्री, रात्रभर पेटती आगटी आणि वाघूर. वाघूर म्हणजे मेंढ्यांच्या भोवती उभारावयाचे जाळे. पुष्कळांस वाटते की वाघापासून राखते म्हणून ती वाघूर. पण शब्दाची व्युत्पत्ती तशी नाही. संस्कृतातील ‘वागुरा’ म्हणजे जाळे, त्यापासून हा शब्द आला आहे. शाळेत शिकविताना या शब्दाने वर्गाला हमखास फसविता येत असे. व्युत्पत्ती काहीही असो, एका माणसाच्या पाठीवर मावणारे हे जाळे शेकडो जिवांचे रात्रीचे घर होते आणि आजही आहे.

मेळघाटातील कोरकू बांधवांची दृष्टी याहून वेगळी. त्यांच्या भाषेत वाघास ‘कुला’ म्हणतात आणि त्याचा उल्लेख मामा या नात्याने करतात. गावचा भुमका वाघदेवाची पूजा बांधतो, जेणेकरून त्याने गावच्या गुरांस व माणसांस सांभाळावे. ज्यास आपण मामा म्हणतो त्याच्याशी वैर करावयाचे नसते, पण त्याचा भरवसाही धरावयाचा नसतो, असा हा चतुर नातेसंबंध आहे. आपल्या वडीलधाऱ्या मेंढपाळांच्या तोंडीही लांडग्याविषयी असेच काहीसे ऐकावयास मिळे. शंभरांत एखाद-दुसरे कोकरू त्याचे, असे ते म्हणत. मात्र त्याने एका रात्री दहा-बारा मेंढरे फाडली म्हणजे हीच वडीलधारी मंडळी त्याला कोणत्या शब्दांनी संबोधीत ते स्मरणिकेत छापण्याजोगे नाही.

सरकारने या कामी प्रथम हात घातला तो शेजारच्या खानदेशात. पेशवाई बुडाली तेव्हा खानदेश जवळजवळ ओसाड झालेला होता आणि शेती मागे हटली तसे रान पुढे आले होते. १८२२ सालच्या उन्हाळ्याच्या व पावसाळ्याच्या तीन महिन्यांत तेथे हिंस्र जनावरांनी सुमारे ५०० माणसे व २०,००० गुरे मारली, अशी नोंद जिल्ह्याच्या गॅझेटियरात आहे. १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्रम याने पुढील नऊ-दहा वर्षांत आपल्या सोबत्यांसह १९१ वाघ मारले. वाघाच्या शिकारीत भिल्लांचा विश्वास मिळवावा आणि त्याच भिल्लांकडून मुलुखाचा बंदोबस्त करवावा, असे ते धोरण होते. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये ज्या जॉन स्मिथ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली तोही वाघाच्याच शिकारीस निघालेला होता. तात्पर्य, त्या काळी वाघ मारणे हा साहेबाचा शौक, सरकारचे धोरण आणि रयतेची गरज अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या, आणि या तिन्हींचा हिशेब कोणी वेगवेगळा ठेवला नाही.

वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आले ते बरेच नंतर. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने गाविलगड घेतला आणि लगेच झालेल्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडावरील हक्क गेला, तरी मुलूख निजामाकडे राहिला. १८५३ च्या तहाने निजामाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि त्यास ‘हैदराबादचे सोपविलेले जिल्हे’ असे लांबलचक नाव मिळाले. पुढच्या पंधरा वर्षांत या मुलुखाचे रूप पालटले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तेथला कापूस विलायतेस जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून पुढे नागपूरपर्यंत गेली. पडीत जमीन, माळ, कुरण जे दिसेल ते नांगराखाली आले. पयनघाटातील वाघ बंदुकीने जितका हटला त्याहून अधिक तो नांगराने हटला, असे माझे मत आहे. परंतु त्याच नांगराने आपल्या कळपांची चराईही गिळली, आणि हानी करणारा व हानी सोसणारा असे दोघेही एकाच वेळी रानाकडे ढकलले गेले.

या काळात इनामांची पद्धत सुरू होती. इंग्रजी मुलुखात सर्वत्र वाघ, बिबट, लांडगा, तडस इत्यादी जनावरे मारणाऱ्यास सरकारी खजिन्यातून रोख इनाम मिळे. जनावर जितके घातक तितके इनाम मोठे, आणि नरभक्षक ठरलेल्या वाघावर विशेष रक्कम जाहीर होई. सर्वसाधारण रीत अशी की मारलेल्या जनावराचे कातडे व मुंडके तहसील कचेरीत किंवा ठाण्यात हजर करावे, अंमलदाराने खात्री करून त्यावर खूण करावी म्हणजे तेच कातडे दुसऱ्या कचेरीत दाखविता येऊ नये, आणि मग पैसे अदा व्हावेत. दरसाल किती माणसे व किती गुरे श्वापदांनी मारली, किती श्वापदे मारली गेली व इनामापोटी किती रुपये खर्ची पडले, याचे तक्ते वरिष्ठ सरकारकडे जात. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत सबंध इंग्रजी हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखावर बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे इनामासाठी मारले गेले, असे इतिहाससंशोधक महेश रंगराजन यांनी या सरकारी तक्त्यांवरून दाखविले आहे.

वाचकहो, या आकड्यांतील लांडग्यांची संख्या पाहावी. शिकारीच्या पुस्तकांत लांडग्याला फारसे स्थान नाही, कारण त्याच्या कातड्याने दिवाणखाना शोभत नाही. पण मेंढपाळाचा खरा शत्रू तोच. वाघ रानातला, लांडगा माळावरचा. आपल्या कळपांचा मुक्काम असतो तेथेच त्याचीही वस्ती असते. तो पाठीमागून दहा-दहा कोस चालत येतो आणि कुत्री कोणत्या बाजूस आहेत, वारा कोणीकडून आहे, हे पाहून मगच हात घालतो. त्याला मारण्यात साहेबांस रस नव्हता. म्हणून ते काम गावोगावच्या गरीब पारध्यांनी, फासे लावणाऱ्यांनी व विष घालणाऱ्यांनी केले. इनामही त्यांनाच मिळाले. कोल्ह्याचे कातडे लांडग्याचे म्हणून दाखवून पैसे नेल्याच्या तक्रारी त्या काळच्या सरकारी लिखाणात येतात. तहसिलातल्या कारकुनाला दोहोंतला भेद ओळखता येत नव्हता यात नवल नाही. आजच्या कित्येक पदवीधरांनाही तो येणार नाही.

या सर्व उद्योगात ज्याची मेंढी गेली त्याला काय मिळाले? काहीच नाही. इनाम मारणाऱ्यास होते, हानी सोसणाऱ्यास नव्हते. सरकारची समजूत अशी की श्वापद मेले म्हणजे रयतेचे संरक्षण झाले. पण मेलेल्या लांडग्याने कालची मेंढी परत येत नाही. उलट ज्या साधनाने मेंढपाळ स्वतःचे रक्षण करू शकला असता तेही त्याच्या हातून गेले होते. १८५७ च्या बंडानंतर मुलूख निःशस्त्र करण्याचे धोरण आले आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदुकीस परवाना लागू झाला. तो पाटील-देशमुखांस मिळे, क्वचित पिकाच्या राखणीसाठी मोठ्या शेतकऱ्यास मिळे; ज्याला घर नाही, सातबारा नाही, जो आज या तालुक्यात तर उद्या त्या तालुक्यात, अशा भटक्या मेंढपाळाच्या हाती बंदूक देण्यास कोणता अंमलदार तयार होणार? कुऱ्हाड, गोफण आणि कुत्रे एवढ्यावर त्याची भिस्त राहिली.

विषाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. मेलेल्या जनावराच्या अंगात कुचल्याचा अर्क भरून ठेवावयाचा व ते खाऊन श्वापद मरावे, हा उपाय कमी खर्चाचा म्हणून चालू राहिला. त्याने लांडगा मरे, पण तडस, कोल्हा, गिधाड आणि आपलेच राखणीचे कुत्रेही मरे. पुढे कापसावर फवारावयाची औषधे गावोगाव मिळू लागली तेव्हा कुचल्याची जागा त्यांनी घेतली. कापसाच्या या मुलुखात असे विष घरोघर असते, आणि त्याचा असा उपयोग करण्याचा मोह आजही पूर्णपणे गेलेला नाही. गोठ्यातून वासरू उचलल्याच्या रागात रात्री उचललेले पाऊल किती दूर जाते याचा विचार कोणी करीत नाही.

इकडे रानाचाही बंदोबस्त होत होता. १८८६ साली वऱ्हाडचा जंगल कायदा आला आणि राखीव जंगलांचे अ, ब, क असे तीन वर्ग झाले. ‘अ’ वर्ग इमारती लाकडासाठी, ‘ब’ वर्ग रमन्याचा म्हणजे सरपण व गवताचा, आणि ‘क’ वर्ग चराईचा. गावाजवळची जी गायराने उरली ती ‘ई’ वर्गात आली. आजही अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत ‘ई-क्लास’ हा शब्द निरक्षर म्हाताऱ्याच्याही तोंडी आहे. चराईस पास व फी लागू झाली. शेळीविषयी तर जंगल खात्याची विशेष नाराजी, कारण ती कोवळा अंकुर ठेवीत नाही. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात, ज्यास आपले जुने लोक छप्पनचा काळ म्हणत, रानातील बंद भाग गुरांसाठी मोकळे करण्यात आले; परंतु गवतच नाही तेथे मोकळीक काय कामाची? त्या साली वाघाने मारली त्याच्या किती पट गुरे उपासाने मेली असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. राखणीच्या इतिहासात दुष्काळाचा उल्लेख अप्रस्तुत वाटेल, पण तसा तो नाही. कळपाचे खरे रक्षण चाऱ्याने होते. भुकेले जनावर कळप सोडून दूर जाते, आणि दूर गेलेलेच धरले जाते.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला. १९०५ च्या पुनर्रचनेत एलिचपूर व वाशीम हे जिल्हे मोडून मेळघाट अमरावतीकडे आणि वाशीम अकोल्याकडे आले. (वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.) १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली तरी श्वापदांविषयीचे धोरण फारसे बदलले नव्हते. रानकुत्री, ज्यांस आपल्याकडे कोळसुंदे म्हणतात, त्यांच्यावर १९७२ पर्यंत देशात ठिकठिकाणी इनाम चालू होते. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. पुसदचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींतून त्या जन्मास आल्या, याचा वऱ्हाडास अभिमान असावा. त्यांच्याकडे पशुसंवर्धन आले, गुरांचे दवाखाने आले, लसी आल्या. फऱ्या, घटसर्प व बुळकांडी यांपासून जी जनावरे वाचली त्यांची गणती श्वापदांनी नेलेल्या जनावरांच्या कितीतरी पट होईल. शासनाने पशुधन राखले असे ज्या खात्याविषयी निःशंकपणे म्हणावे ते हेच, आणि त्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

खरी उलथापालथ झाली ती १९७० ते १९७४ या चार वर्षांत. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणतीत सबंध देशात १,८२७ वाघ भरले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची योजना निघाली, आणि तिच्यातील पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी त्याची घोषणा झाली. ज्या वाघाच्या मुंडक्यावर आजोबांना इनाम मिळाले असते त्याच वाघाला हात लावल्यास नातवाला तुरुंग, असा हा फरक. लांडगाही पुढे याच कायद्याने संरक्षित झाला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सबंध देशात सुमारे ३,१०० लांडगे उरल्याचा अंदाज दिला आहे, म्हणजे आज लांडगा वाघाहून फारसा विपुल नाही. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून मेळघाटात काम केले व आपल्या लेखनातून ते रान मराठी वाचकांच्या घरात आणले. त्यांच्या वाचकांना या बदलाचे कारण नव्याने सांगावयास नको. मीही त्याच्या विरुद्ध नाही. वाघ-लांडगे गेल्यावर काय होते हे आपण पाहतच आहोत. रोही आणि रानडुकरे यांनी पयनघाटातील शेतकऱ्यास सळो की पळो करून सोडले आहे, आणि पूर्वी गोठ्याशी जागणारा माणूस आता तुरीच्या वावरात जागतो.

परंतु वाघ जर साऱ्या देशाचा, तर त्याने खाल्लेले जनावर एकट्या गरीब गवळ्याचे का असावे, हा प्रश्न ओघानेच आला, आणि येथून नुकसानभरपाईचे युग सुरू होते. शंभर वर्षे सरकार मारणाऱ्यास पैसे देत होते. आता ते सोसणाऱ्यास देऊ लागले. महाराष्ट्र शासनाने ही रक्कम वेळोवेळी वाढविली. ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे गाय, म्हैस अथवा बैल वन्यप्राण्याने मारल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये यांपैकी जी कमी असेल ती रक्कम, आणि मेंढी-शेळीसाठी ७५ टक्के किंवा १५,००० रुपये यांपैकी जी कमी ती, असे ठरले. जनावर कायमचे अधू झाल्यास किंवा जखमी झाल्यास निराळी तरतूद आहे.

अटी मात्र नीट समजून घेतल्या पाहिजेत. घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या वनाधिकाऱ्यास कळवावे लागते. मृत जनावर जागचे हलवावयाचे नाही. पंचनामा व्हावा लागतो आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने किंमत ठरवावी लागते. शिवाय त्या जागेच्या दहा किलोमीटर परिसरात पुढील सहा दिवसांत कोणताही वन्यप्राणी विषाने मेलेला आढळता कामा नये. ही शेवटची अट प्रथमदर्शनी जाचक वाटते, कारण दहा किलोमीटरांत दुसऱ्या कोणी काय केले याची जबाबदारी मेंढपाळाने का घ्यावी? पण वर विषाविषयी जे लिहिले ते आठवले म्हणजे ही अट कोठून आली हे कळते.

घरी गोठा असलेल्या शेतकऱ्यास या अटी पाळता येतात. त्याचा बैल कोठे मेला हे गावास ठाऊक असते, पोलीस पाटील ओळखीचा असतो, बैल दिवसभर झाडाखाली झाकून ठेवता येतो. फिरत्या मेंढपाळाचे तसे नाही. माझ्या एका आप्ताच्या कळपात दोन सालांमागे पहाटे लांडगे शिरले व नऊ मेंढ्या गेल्या. त्या दिवशी सायंकाळपर्यंत पंचनाम्यास कोणी आले नाही. ज्या शेतात कळप बसला होता त्या शेताच्या मालकास पेरणीची घाई, उरलेल्या तीनशे मेंढ्यांना चारा हवा, म्हणून दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवावा लागला. तिसऱ्या दिवशी कर्मचारी आले तेव्हा कुत्र्यांनी अवशेष पांगविले होते. “लांडग्याने मारल्या की गावच्या कुत्र्यांनी?” असा प्रश्न आला. प्रश्न चुकीचा नव्हता, कारण मोकाट कुत्री आज लांडग्याइतकीच मेंढ्या फाडतात आणि कुत्रा हा वन्यप्राणी नसल्याने त्याची भरपाई मिळत नाही. परंतु उत्तर देण्यास लागणारा पुरावा चोवीस तासांपूर्वी जागेवर होता. अर्ज नामंजूर झाला. ते कार्यालय कोणते हे सांगण्यात हशील नाही. अशी हकीकत आपल्या समाजात दर दहा घरांआड एक मिळेल. कायदा घर असलेल्या माणसास डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

मेळघाटात दुसरा उपाय योजण्यात आला आणि तो अधिक मूलगामी होता: गावेच बाहेर हलविणे. बोरी, कोहा व कुंड ही गावे प्रथम उठली, नंतर वैराट, चुर्णी, पस्तलई इत्यादी. गाभ्याच्या रानात गुरे नाहीत म्हणजे वाघाने मारण्याचा प्रश्न नाही, असा हा विचार. उठलेल्या गावांपैकी काहींचे पुनर्वसन सपाटीवर अकोला जिल्ह्यात झाले. रानातल्या कुरणावर वाढलेल्या म्हशींना कापसाच्या मुलुखात चारा विकत घालावा लागतो, आणि दुधाचा धंदा करणाऱ्याचे गणित तेथे कोसळते. वाघापासून म्हशी वाचल्या, बाजारापासून वाचल्या नाहीत. यात कोणाचे किती बरे झाले याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे; शाळा, दवाखाना व सडक मिळाल्याने समाधानी असलेली कुटुंबेही आहेत.

शिवाय वाघ नकाशा पाहून चालत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये चंद्रपूरकडून आलेला एक वाघ धामणगाव रेल्वे तालुक्यात, म्हणजे भर कापसाच्या शेतीत शिरला. त्याने मंगरूळ दस्तगीरच्या बाजूस दोन शेतकऱ्यांचा बळी घेतला, गुरे मारली, आणि पुढे तो मध्यप्रदेशात गेल्यावर पकडला गेला. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात यंत्रपट्टा असताना शेकडो मैल भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. त्याने एकूण सुमारे ३,००० किलोमीटर मजल मारल्याची नोंद झाली. २०२२ च्या गणतीत महाराष्ट्रात ४४४ वाघ भरले. म्हणजे ज्या गावांनी तीन पिढ्यांत वाघ पाहिला नाही तेथेही तो अधूनमधून येणार. बिबट तर अमरावती शहरालगतच्या पोहरा-मालखेडच्या रानात नित्याचाच आहे.

बिबट्याविषयी एका अभ्यासाचा उल्लेख करण्याजोगा आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला हा अभ्यास अकोले तालुक्यातील आहे. अकोले म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातील, आपले अकोला नव्हे, नामसाधर्म्याने गोंधळ होऊ नये. तेथे रान नाही, सारी शेती, आणि तरी बिबटे राहतात. ते काय खातात हे त्यांच्या विष्ठेवरून तपासता असे आढळले की त्यांच्या आहाराचा ३९ टक्के भाग कुत्र्यांचा होता आणि शेळ्यांचा अवघा ११ टक्के, वास्तविक त्या भागात शेळ्या कुत्र्यांहून सात पट अधिक होत्या. याचे कारण उघड आहे. शेळी रात्री बंदिस्त असते, कुत्रे मोकळे असते. आपल्या वडिलांनी काट्यांच्या कुंपणाने जे साधले तेच शास्त्राने मोजून दाखविले.

म्हणून अलीकडच्या सरकारी योजनांपैकी मला सर्वांत उपयोगाची वाटली ती बंदिस्त गोठ्याची. फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्यास ७७,१८८ रुपये आणि दहा शेळ्यांच्या निवाऱ्यास ४९,२८४ रुपये असा खर्च धरला होता. प्रस्ताव ग्रामपंचायतीमार्फत जावयाचा. ही योजना श्वापदांसाठी काढलेली नाही, तिचा हेतू उत्पन्नवाढीचा आहे. पण रात्री भिंतीआड असलेली शेळी बिबट्याच्या तोंडून वाचते, मग हेतू काही असो. जंगलालगतच्या गावांसाठी २०१५ ची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना निराळी. आणि मेंढपाळांसाठी २०१७ मध्ये आलेली राजे यशवंतराव होळकर महामेष योजना वीस मेंढ्या व एक नर घेण्यास ७५ टक्के अनुदान देते. तथापि मेंढ्या मिळाल्या तरी त्यांच्याभोवतीचे जाळे कोठल्याच योजनेत मला दिसले नाही. लोखंडी नळ्यांची उचलून नेता येईल अशी घडीची जाळी आणि एक सौर दिवा, एवढा खर्च एका कळपास फार होणार नाही. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतूनही तो करता येण्याजोगा आहे, आणि आपल्या समाजाचे जे सभासद पंचायत समितीत व जिल्हा परिषदेत बसतात त्यांनी हा ठराव मांडावा, अशी सूचना संपादक मंडळामार्फत करून ठेवतो.

तोवर ज्यांचे कळप दिवाळीनंतर पूर्णेच्या खोऱ्यात उतरतील त्यांनी एवढे करावे. जनावर मारले गेल्याचे दिसताच वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करून वेळ लिहून ठेवावी. त्याच जागी, सूर्यप्रकाशात, पायाच्या ठशांसह छायाचित्र घ्यावे. कळपातल्या पोरांजवळ आता तेवढी साधने असतात. ज्या गावच्या शिवारात मुक्काम असेल तेथल्या पोलीस पाटलाचे नाव मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. मुक्काम हलविणे भाग पडले तर एक माणूस मृत जनावराजवळ मागे ठेवावा, आणि पंचनाम्याची नक्कल हाती आल्याशिवाय त्याने तेथून निघू नये.